दारातला वाघ

"कितीले पडली?" चहा यायच्या आधीच शालिकरामनं विचारलं.

पियूषनं शेजारी बसलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिलं. "पंचाहत्तरच्या वर गेली." लाख हा शब्द कोणीच उच्चारला नाही.

शालिकराम आणि त्याची बायको वंदना मुलीसाठी मौद्याला पियूषचं घर पाहायला आले होते. रिवाजाप्रमाणे मुलगी, बँकेत नोकरीला असलेली हर्षा, नागपुरात घरीच होती. हे स्थळ पाहून या, असं तिनं पहिल्यांदाच स्वतःहून म्हटलं होतं. अंगणात दांडग्या इंजिनाची पिवळी मसल कार उभी होती. बोनेटवर काळे पट्टे, आणि चालू इंजिनाचा आवाज असा की गोठ्यातली गाय दावं ओढत होती.

शालिकरामचं सीताबर्डीत कापडाचं दुकान. माणूसही तो कापडासारखा दोन बोटांत धरून उलट्या बाजूनं पाहायचा. आधीची दोन स्थळं त्यानं दारातूनच परतवली होती. एक मोटरसायकलवर आला म्हणून, दुसऱ्याची चारचाकी जुनी म्हणून. ज्याच्या दारात ढंगाची गाडी नाही त्याच्या घरात काय असणार, असं तो तेव्हा गल्लीभर बोलला होता. त्यामुळे वंदनाला वाटलं, या खेपेला जमलं.

शालिकरामनं गाडीभोवती चक्कर मारली. ॲव्हरेज विचारलं. लिटरला पाच, पियूष म्हणाला. गतिरोधकावर खाली घासते का? घासते. दारं दोनच, तेव्हा त्यानं पियूषच्या आईला मागं बसून दाखवायला सांगितलं. पुढची सीट वाकवायचा खटका पियूषला लवकर सापडेना. सापडला तेव्हा गुडघे आखडलेली ती बाई अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली. सगळे हसले, पियूष सोडून.

"रोज चालवता का गा हे?"

"नाही काका. दुकानात बाईकनंच जातो."

दुकान मोटारपंप दुरुस्तीचं. चांगलं चालणारं, पण पंपांचंच. शालिकरामचा हिशेब तिथंच झाला.

"पंप दुरुस्त करून पोट भरता अन् दारात वाघ पोसता. माह्या पोरीनं काय जिंदगीभर वाघाले चारा टाकत बसावं?"

पियूषचे वडील काही बोलायला गेले. पियूषनं त्यांचा हात दाबला.

"काका, गाडी नाहीच असं समजा."

"दिसून राहिली ते नाही कसं समजू?"

चहा तसाच राहिला. परतीच्या वाटेवरच शालिकरामनं कोराडीला फोन लावला. तिथूनही एक स्थळ सांगून आलं होतं: सुशील, वीज प्लांटमध्ये नोकरी, साधी पांढरी गाडी. शब्द देऊन टाकला, येत्या रविवारी साखरपुडाही धरला.

घरी त्यानं सगळं रंगवून सांगितलं. पियूषची आई कशी अडकली ते तर दोनदा. "वाचली वं तू," तो म्हणाला.

"त्याइले नाही म्हणून सांगून आले का?" हर्षानं विचारलं.

"तोंडावर. अन् कोराडीले शब्दही दिला."

हर्षानं त्याच्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन तिनं पियूषला मेसेज लिहिला: "गाडी परत करून टाक. उरलेलं भाडं मी पगार झाला की पाठवते."