लाल गाडीचं वेटिंग

दोन वर्षांपासून देवाजी गाडी निवडत होता. प्लांटमधून रिटायर झालो की घ्यायची, बायकोला, रंभाला आवडते म्हणून लालच घ्यायची. आणि गिअरचीच. बिनगिअरची लाखभर महाग पडते, अन् चालवणार तर आपण एकटेच. सुपेल्याच्या शोरूममध्ये त्यानं हे सगळं सेल्समनला पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

"अंकल, लाल में चार महीने की वेटिंग है."

"थांबू ना. बत्तीस वर्सं थांबलो, चार महिन्यानं काय होते?"

रंभानं मांडीवरची पर्स घट्ट धरली. आत देवाजीचा रिपोर्ट होता. काल डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं होतं. ते तीन महिने म्हणाले होते.

"ते पांढरी उभी हाये ना, तेच घेऊन टाका," ती म्हणाली.

"तुले तं लाल पायजे होती."

"आता नाई आवडत मले लाल."

देवाजी तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान वर केली नाही. मग तो उठला, पांढऱ्या गाडीचं दार उघडून आत बसला, गिअरवर थोडा वेळ हात ठेवला आणि बाहेर आला.

"पांढऱ्यात बिनगिअरची हाये का?"

"है ना, अंकल. लेकिन आप तो मना कर रहे थे?"

"तेच दाखव," देवाजी म्हणाला. "हिले शिकाले सोपी जाईन."