अठ्ठेचाळीस आकडे

नव्या कॉम्प्युटरच्या डब्यावर फोटोवाल्या वैजिनाथनं सकाळीच विभूतीची तीन बोटं ओढली होती. तरी स्क्रीन निळी ती निळीच. तिचं एकच म्हणणं, अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी टाका, मग आत सोडते.

"जुनी डिस्क हाय," हनुमान मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरनं कान खाजवत म्हणाला. "नव्या डब्यात बसवली की बावचळती. घरच वळखीना."

बाकड्यावर बसलेला गहिनीनाथ फरशीकडं बघायला लागला. हनुमाननं स्क्रू ड्रायव्हर कानातून काढला अन् खिशात घातला.

गहिनीनाथची आई केशरबाई काल सकाळी घरातून निघाली, ती परतलीच नव्हती. वर्षभरापासून तिला कशाचीच याद राहत नव्हती. अन् चौसाळा हायवेवरचं गाव. या बाजूनं बसमध्ये चढली असेल तर बीड, त्या बाजूनं चढली असेल तर सोलापूर. पोलिसांनी सांगितलं, आत्ताचा फोटो आणा, सगळीकडं पाठवतो. गहिनीनाथनं मोबाईल चाळला. ट्रॅक्टरचे चाळीस फोटो निघाले, पुढाऱ्याला हार घालतानाचे अकरा, आईचा एकही नाही. आधारवरचा होता, पण तो बारा वर्षांमागचा. भरल्या गालांची, रुपयाएवढं कुंकू लावलेली कुणी भलतीच बाई. आता केशरबाई निम्मी झालेली, तापानं डोक्यावरचे केसही गेलेले.

वीस दिवसांमागं बँकेत द्यायचा म्हणून याच दुकानात तिचा फोटो काढला होता. दोन प्रती बँकेत गेल्या, अन् आज रविवार. उरलेल्या सहा तिनं कुठं ठेवल्या ते तिलाच माहीत, अन् तिला काहीच माहीत नाही. राहिली ही डिस्क. मागच्या आठवड्यात विजेच्या झटक्यानं वैजिनाथचा जुना कॉम्प्युटर जळाला, त्यातली डिस्क तेवढी वाचली होती.

"चावी कुठाय बे?" वैजिनाथनं विचारलं.

हनुमान म्हणाला, दोन वर्षांमागं मीच लिहून ठेवली होती. कागद हरवतो, म्हणून भिंतीवर. बटणांच्या बोर्डाशेजारी, बॉलपेन दाबून दाबून. भिंत कुठं पळून जाणार, असंही तेव्हा तो म्हणाला होता, अन् एवढ्या अकलेवर खूश होऊन वैजिनाथनं त्याला चहा पाजला होता.

तिघांनी भिंतीकडं बघितलं. नवा कॉम्प्युटर येणार म्हणून वैजिनाथनं परवाच सगळं दुकान रंगवून घेतलं होतं. गुलाबी. दोन हात.

"रंगवली कावून?" गहिनीनाथ म्हणाला.

तो उठला अन् मोटरसायकलच्या किल्लीनं भिंत खरडायला लागला. गुलाबी पोपडा निघाला, त्याच्यामागं चुनाही भुरभुर खाली आला. वैजिनाथनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा भाऊ. रंगाबरुबर आकडेबी निघायलेत."

एरवी गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की वैजिनाथ दम द्यायचा, हसा, न्हाईतर डबल पैसे. आज त्यानं शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, ट्यूब बंद केली अन् स्टुडिओतला मोठा दिवा उचलून भिंतीला चिकटवून आडवा धरला. उजेड असा आडवा पडला की तोंडावरचा एकेक खड्डा दिसतो, म्हणून नवरदेवाला तो हा दिवा कधीच आडवा लावत नसे. गुलाबी रंगाखाली बॉलपेनचे खळगे उठून दिसायला लागले.

दिवा गहिनीनाथनं धरला. वैजिनाथ भिंतीला नाक लावून वाचत गेला, हनुमान टाकत गेला. सत्तेचाळीस आकडे मिळाले. एक गेला होता. तिथं किल्लीनं पाडलेलं भोक होतं.

गहिनीनाथनं त्या भोकावर बोट ठेवलं. "शून्यापास्नं धरा," तो म्हणाला.

शून्य टाकला. नाही. एक. नाही. दोन, तीन, चार, नाही. पाचाला बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं, पासपोर्ट फोटो काढायचाय म्हणालं. सहा. सात.

आठाला निळी स्क्रीन गेली. जुन्या कॉम्प्युटरवरचा महादेव, त्याच्या अंगावर पसरलेल्या लग्नाबारशाच्या फायली, सगळा पसारा नव्या स्क्रीनवर जसाच्या तसा उभा राहिला.

"वळखलं बघा," हनुमान म्हणाला, पण हळू.

केशरबाईचे पाच फोटो निघाले. पहिल्यात ती दाराकडं बघत होती. दुसऱ्यातही दाराकडं. तिसऱ्यात मान सरळ, डोळे दाराकडं. चौथ्यात खुर्चीवरून अर्धी उठलेली.

पाचव्यात मात्र नीट बसलेली. डोक्यावर पदर, तोंडात मोजून दोन दात, अन् थेट समोर बघून हसलेली.

"ह्यो काढतो," वैजिनाथ म्हणाला.

गहिनीनाथनं त्याला पुन्हा चौथ्यावर जायला लावलं. बराच वेळ बघितलं.

"दारात कोन होतं?"

"तुमी होते. फोनवर बोलायलते."

"आन पाचव्याला?"

वैजिनाथनं प्रिंटरमध्ये कागद सारला.

"ती काही केल्या बसंना. मग मीच तुमाला आत बोलावलं, माझ्या मागं हुबं केलं."

प्रिंटर घरघरला. कागदावर आधी पदराचा काठ आला, मग कपाळ, मग डोळे. गहिनीनाथ प्रिंटरसमोरून हलला नाही.