धुण्याच्या खोलीतला पत्रव्यवहार

"ही चिठ्ठी कोणाची?" पोलीसबाईंनी विचारलं.

शुक्रीने मान खाली घातली. चिठ्ठीवर नाव नव्हतं. नसतंच कधी.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला तो कागद तिने आज सकाळीच चिठ्ठ्या साठवायच्या बिस्किटांच्या डब्यातून काढला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: "मंगळवार. तिसऱ्या मजल्याची धुण्याची वेळ पाचला संपली. पाच वीसला हिरव्या जॅकेटमधला लांबडा मुलगा अजून चादरींच्या घड्याच घालत होता. सांगितलं तर म्हणाला, दोन मिनिटं. मी घड्याळ लावून उभी राहिले. अठरा झाली. ड्रायरच्या जाळीत कपड्यांचा पिंजा तसाच."

गेल्या मंगळवारी, त्याच वेळी, चौकात तीन गाड्या जळाल्या होत्या. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये एक हिरवं जॅकेट पळताना दिसत होतं. गोथेनबर्गच्या या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी, हिरवी जॅकेटं काय थोडी आहेत? पण पोलिसांचं बोलावणं आलं ते शुक्रीच्या मुलाला, गुलेदला. सोमवारपासून तो वृद्धाश्रमात शिकाऊ म्हणून लागणार होता. शुक्रवारपर्यंत संशय मिटला नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

"निनावी कागद साक्ष म्हणून धरता येत नाही," पोलीसबाई हळूच म्हणाल्या. "जिने लिहिलं, तिने स्वतः सांगायला हवं."

जिने लिहिलं ती कोण, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावरच्या गुनवोरबाई. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीत लावलेल्या चिठ्ठीखाली कोणी सही करत नाही, की पुढे कधी ती आपली म्हणत नाही. एक आपली म्हटली, की अकरा वर्षांच्या सगळ्या आपल्या झाल्या. मग जिन्यात कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

पोलीसबाई गेल्यावर शुक्री वर गेली. गुनवोरबाईंनी दाराची साखळी काढली नाही.

"मी चिठ्ठ्या लिहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.

दुसऱ्या मजल्यावरची मिर्सादा जिन्यातच उभी होती. बोस्नियाहून येऊन तिला तीस वर्षं झाली होती. "काय सांगत होते मी? चिठ्ठी दिसली की फाडायची आणि दोन शिव्या हासडायच्या, ही इथली रीत. तू एकटी शहाणी. उत्तरं देत बसलीस."

ते मात्र खरं होतं. स्वीडिश भाषेच्या वर्गात शिकवलं होतं, की पत्र आलं तर आठवड्याच्या आत उत्तर द्यावं. चार वर्षांपूर्वी शुक्रीच्या वाट्याला पहिली चिठ्ठी आली, तेव्हा ती शब्दकोश घेऊन बसली. चिठ्ठी घरी आणली आणि तिच्या जागी उत्तर चिकटवलं: "प्रिय शेजारीण, कळवल्याबद्दल आभार. जाळी साफ केली. जिना उतरताना तुम्हाला त्रास होतो. गुडघा कसा आहे?"

तेव्हापासून दर चिठ्ठीला उत्तर, आणि दर उत्तराच्या शेवटी गुडघ्याची चौकशी. सोमवार-गुरुवारच्या रोज्यासारखंच हेही तिने कधी चुकवलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर भिंतीवर नसायचं. "कचऱ्यात जातं गं," मिर्सादा म्हणायची. गुडघ्याविषयी एक अक्षर कधी परत आलं नाही.

"होयो, पुरे आता," रात्रीच्या जेवणाला गुलेद आईला म्हणाला. "ती बाई आपल्या वाईटावर टपलीय. तिच्याच हाती माझी मान द्यायची?"

"चिठ्ठीत लिहिलंय ते खरं आहे ना रे?"

"हो."

"जाळीचंही?"

गुलेद भाताशी खेळत राहिला. "जाळीचंही."

"मग ती खरं लिहिते. खरं लिहिणाऱ्याकडे मागायला लाज कसली?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारची नमाज आटोपून शुक्री खाली गेली. आधी जाळीतला पिंजा काढला. मग भिंतीला कागद टेकवून, उभ्यानेच लिहिलं: "प्रिय शेजारीण, मंगळवारची चिठ्ठी खरी आहे. मुलाने जाळी साफ केली नव्हती, आज मी केली. पोलिसांना तुमचं नाव हवं आहे. मला ते माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं."

गुडघ्याचं लिहायला पेन टेकवलं, आणि थांबली. गरजेच्या दिवशी केलेली विचारपूस लाचेसारखी दिसते. तिने पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी सकाळी तिच्या आधी गुलेदच तळघरात जाऊन आला. त्याने कागद टेबलावर ठेवला. अक्षर तेच, ठसठशीत.

"गुनवोर लिंडाल, चौथा मजला, डावीकडचं दार. मंगळवारी पाच वीस ते पाच अडतीस मी या मुलासमोर उभी होते. दहा वाजता पोलिसांकडे जाते आहे, त्याने बरोबर यावं. जाळी पाहिली."

त्याखाली थोडी जागा सोडून, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती.

"या वेळी तुम्ही विचारलं नाहीत. गुडघा आता बरा आहे."