लक्ष्मीचं वजन

कल्याणच्या एका इस्पितळात आवडाबाई रेकॉर्ड रूम सांभाळत. जन्मताच गेलेल्या एका मुलीच्या केसपेपरवर नावच नव्हतं, म्हणून त्यांनी पेन्सिलीने ‘लक्ष्मी’ लिहिलं.

तेव्हापासून दर वर्षी त्या कागदावर निळ्या शाईत नवं, वाढलेलं वजन दिसे. कोण लिहितं, ते कळत नसे. आवडाबाई मात्र आईसारख्या सुखावत.

सातव्या वर्षी त्यांची बढतीवर ठाण्याला बदली झाली.

“घराजवळ ऑफिस मिळतंय, आवडाताई! जा बिनधास्त,” सोबतचा रघु म्हणाला.

दुपारी निरोप घ्यायला त्यांनी तो कागद काढला. गेल्या खेपेला अठरा किलो होतं, आज नऊ. शाई अजून ओली होती.

त्यांनी तिथेच बसून बढती नाकारणारा अर्ज लिहिला.

“राहते गं मी,” त्या पुटपुटल्या.

मांडणीआडून कुणीतरी त्यांचा पदर हलकेच धरला.