फुकट्यांसाठी व्हायरस

"फुकटे लेकाचे!" हिशेबाच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी तयार करताना हर्डीकर फणकारले. एकाने विकत घ्यायचा आणि अख्ख्या बाजारपेठेने खिशात कोरी फ्लॉपी घालून त्याच्याकडे चहाला जायचं! या वेळी त्यांनी आत व्हायरस दडवला. कॉपी होताच तो फ्लॉपीमागून फ्लॉपी पसरणार होता, कॉम्प्युटर पुसून टाकणार होता आणि पडद्यावर लिहिणार होता, 'चोरा, लाज वाटते का?'

दिवाळीत खिशात कोरी फ्लॉपी घालून ते साडूकडे फराळाला गेले आणि बुद्धिबळाचा गेम उतरवून आले. घरी लावला, तर पडद्यावर त्यांचीच ओळ. वर्षभर खपून लिहिलेला प्रोग्रॅम पुसला गेला होता.

"गेम विकत घेतला होतात ना?" बायकोने विचारलं.

"छे! गेम कधी कोणी विकत घेतं का?"

तिने चष्मा लावून पडदा वाचला.

"मग? वाटते का?"