आधी लाट

बाई दुकानात शिरल्या तेव्हा तो मोटरच्या तारेचे वेढे मोजत होता. वर न बघताच त्याने एक हात उभा केला. बाई थांबल्या. तांब्याची तार रिळावरून सुटत राहिली. "दोनशे दहा," असं पुटपुटत त्याने मशीन बंद केलं, मान वर केली आणि उभा केलेला हात खाली घ्यायचा विसरला.

"बाई? तुम्ही?"

"बावीस वर्षं झाली ना," बाई म्हणाल्या. "पत्ता मिळता मिळेना तुझा."

त्याने फडक्याने स्टूल पुसलं. बाई बसल्या नाहीत. पिशवीतून कागद काढून त्यांनी त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"तुझं बरोबर होतं. आधी लाट येते."

हे वाक्य समजावून न सांगता कळेल असा बाईंच्या ओळखीत आता हा एकच माणूस उरला होता. सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मागे शेपटीसारखं ओढत नेतो. त्या शेपटीच्या मधोमध विजेच्या प्रवाहाचा एक पातळ पडदा असतो. कधीतरी तो फाटतो, ताणात साठलेली ऊर्जा मोकळी होते, कण तापून सुसाट सुटतात आणि ध्रुवांवरचं आकाश उजळतं. पडद्यावर आधी लाट उठते आणि मग तो फाटतो, असं याने बाईंच्या हाताखाली केलेल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं. बाईंचं सगळं नाव याच्या नेमक्या उलट म्हणण्यावर उभं होतं. 'हा नुसता यंत्राचा गोंगाट आहे, काढून टाक,' असं त्यांनी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं. याने प्रकरण काढलं नाही. स्वतःच निघून गेला.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तो कागदावरचा आलेख बघू लागला.

"चार अवकाशयानं?"

"चार. नेमकी पडद्यातून गेली. लाट नव्वद सेकंद आधी."

"आणि गोंगाट?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. "नाही. तीन आठवडे तेच तपासत होते. नाहीये गोंगाट."

त्याने कागद उजेडाकडे सरकवला. मग काळं पडलेलं बोट त्याने तिसऱ्या रेघेवर ठेवलं. "हे यान बाकीच्यांपेक्षा आतल्या अंगाला होतं का? पृथ्वीकडे?"

"हो. का?"

"यावर लाट सगळ्यांच्या आधी दिसतेय. नव्वद नाही, एकशे दहा तरी असतील. म्हणजे ती आतून बाहेर गेलीय."

बाई वाकल्या. त्यांनी चारही यानांची सरासरी घेतली होती. तीन आठवडे रोज बघूनही त्यांना हे दिसलं नव्हतं.

"थांब, थांब. असं कसं होईल? पेन्सिल दे इकडे."

पंख्याच्या रिकाम्या खोक्यावर बाईंनी पडदा काढला. त्याने तो खोडून दुसरा काढला. "डोकं चालव जरा," बाई म्हणाल्या. "चालवतोय की, तुम्ही आधी हात काढा वरून," तो म्हणाला. बाई कधी स्टुलावर बसल्या ते त्यांनाच कळलं नाही. विभागात आता सगळी तरुण मंडळी होती. बाईंनी काहीही दाखवलं की ती म्हणत, "छान आहे, मॅडम," आणि आपापल्या स्क्रीनकडे वळत. कितीतरी वर्षांत त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं.

"ऊर्जा जाते कुठे पण?" त्याने विचारलं.

"निम्मी कणांत. बाकीची सापडत नाही."

"लाटेतच गेली असणार. तुम्ही पडदा फाटल्यावर शोधताय. ती आधीच गेलेली."

बाई खोक्याकडे बघत राहिल्या.

वरच्या मजल्यावरून हाक आली, "अहो, येताय ना जेवायला? निवलं सगळं."

"आलोच!" त्याने पेन्सिल कानामागे अडकवली. बाईही उठल्या.

"शुक्रवारी मी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "त्याआधी यावरचा शोधनिबंध छापायला पाठवते. तुझं नाव पहिलं."

"नावाखाली संस्था लिहावी लागते ना अजून?"

"लागते."

त्याने खोलून ठेवलेल्या पंख्यांवरून नजर फिरवली. "काय लिहाल?"

"दुकानाचं नाव लिहीन."

तो मनापासून हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "नको, बाई. कॉलेजात होतो एवढंच घरी ठाऊक आहे. आता कुठून सांगायला सुरुवात करू?"

ज्यासाठी आल्या होत्या ते बाईंना आता बोलावंच लागलं. "माझं चुकलं रे."

"चुकण्याचं काही नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं." त्याने रीळ उचललं आणि उगाचच पुन्हा जागेवर ठेवलं. "पण पहिल्या पानाच्या पुढे वाचलं असतंत तर बरं वाटलं असतं."

बाईंनी मान हलवली. कागद टेबलावरच ठेवून त्या बाहेर पडल्या.

भर दुपारी रस्ता रिकामा होता. चार पावलांवर त्यांच्या चपलेचा अंगठा निसटला म्हणून त्या भिंतीला हात टेकून वाकल्या. डोक्यावरची खिडकी उघडी होती. ताटं मांडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली.

"इतका वेळ कोण होतं खाली?" बायकोने विचारलं.

आधी पेल्यात पाणी ओतलं गेलं.

"एकांचा पंप जळलाय," तो म्हणाला. "ठेवून गेल्यात. बघून सांगतो म्हटलंय."