झाकणावरचं कुंकू

गोवर्धनकाकांनी धुतलेल्या रोलची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि लगेच फलकच्या हातात कोंबली.

"सांग पोरी, सरळ सांग. माझे डोये गेले का नाई?"

एवढंच विचारायला ते तेल्हाऱ्याहून बस धरून अकोल्याला आले होते. नात प्रणालीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिचा हट्ट, फोटो आबाजीच काढतील, तेही रोलवर. उभी हयात लोकांच्या लग्नांचे फोटो काढलेला माणूस, कशाला नाही म्हणतो? पोळ्याला हात साफ करायला म्हणून रोल भरला, कापूस वेचणीत संपवला आणि फलककडे धुवायला पाठवला. तर निम्म्या फोटोंवर जणू कोणी ताक सांडलेलं! काकांनी मनाशी ठरवूनच टाकलं, आता त्या लग्नात आपण नुसतं जेवून यायचं.

फलक अब्बांच्या मागे त्यांचा स्टुडिओ चालवत होती. तिनं पट्टीवर भिंग धरलं.

"नजर गेली असती तर फोकस चुकला असता, काका. या वेचणाऱ्या बाईच्या बांगड्या मोजून घ्या. नुसतं वरून पांढरं आलं."

"मंग तुह्या औषधात खोट असंल."

"वा! माझ्यावरच आलं का? एकाच रोलवर पोळ्याचे फोटो साफ, वेचणीचे खराब. औषध काय बैल पाहून काम करते?"

काकांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पट्टीच्या कडेची भोकं स्वच्छ होती, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीतून उजेड शिरला नव्हता. फलकनं विचारलं, "पोळा न् वेचणीच्या मधात काय झालं?"

"काय होणार? दसरा झाला."

तिनं काकांनी सोबत आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवरचं झाकण काढून तो खिडकीकडे तिरपा केला. काचेवर अंगठ्याएवढा तांबूस डाग. या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी, म्हणून काकांना तो कधी दिसलाच नव्हता.

"कुंकू हाये, काका. यंदा पूजा कोणी केली?"

"तुह्या काकूनं. दरसाली तेच करते. विळा, कुऱ्हाड, कॅमेरा, सगळं मांडते. पण कुंकू झाकणावर लावते! काचीवर कायले लावंल? झाकण तर त्या दिवशी..."

झाकण त्या दिवशी त्यांच्याच खिशात राहिलं होतं.

फलकनं काच पुसली. "झालं! कॅमेरा ठणठणीत, तुमी ठणठणीत. लग्नाचे फोटो बिनधास्त काढा."

काका कॅमेऱ्याकडे बघतच राहिले. समोर उघडी काच, आणि बायकोला, कौशल्येला, ती झाकण वाटली. परवा वरणात खडा आला म्हणून तिच्यावर केवढे खेकसले होते ते! त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"कौशल्या, समोरच्या घड्याळात किती वाजले, सांग बरं."

पलीकडून चार पावलं पुढे सरकल्याचा आवाज आला.

"काऊन? तुमच्या हातात घड्याळ नाई काय?"